तंबू शेवटी घ्या, आधी अंथरूण पाहा

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

पाऊस ओसरला की बेळगावच्या बाजारात बॅगांच्या दुकानांबाहेर रंगीत तंबू टांगले जातात. दिवाळीच्या सुट्टीत, नाताळात जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याच्या बाजूला, नाहीतर हद्द ओलांडून चंदगड-तिलारीकडे एखादी रात्र रानात काढायची हौस आता घरोघरी आहे. हौसेबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती खरेदीच्या क्रमाबद्दल. चौघांच्या घरात दहा हजार खर्चायचे ठरले तर सहा-सात हजार तंबूवर जातात, उरलेले कंदील, घडीच्या खुर्च्या आणि कोळशाच्या जाळीवर. झोपायला मात्र घरातली सतरंजी आणि दोन चादरी. मग पहाटे तीनला सगळे कुडकुडत उठतात आणि गाडीत जाऊन बसतात. हा क्रम उलटा केला तर तेवढ्याच पैशांत झोप लागते. ते कसे, हे जरा तपशिलाने लिहीत आहोत. जागा असेल तर छापावे.

पहिली गोष्ट अंथरूण. माणूस आडवा झाला की त्याच्या खालचा कापूस, लोकर, फायबर, जे असेल ते वजनाने दबते. ऊब राखते ती त्यात अडकलेली हवा, आणि दबलेल्या थरात हवाच उरत नाही. म्हणून अंगावर दोन रग घेतले तरी पाठ गार राहते. जमीन रात्रभर अंगातली ऊब ओढत असते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. डिसेंबर-जानेवारीत शहरातच पारा १२ ते १४ अंशांवर येतो, कधी त्याहीखाली. खानापूरच्या पश्चिमेला मलप्रभा-म्हादईच्या खोऱ्यांत, ओढ्याकाठी तो आणखी उतरतो, कारण थंड हवा जड असते आणि उतारावरून येऊन तळाशी साचते. (ओढ्याच्या अगदी काठावर तंबू लावण्याचा मोह सगळ्यांना होतो. तिथून वीस-पंचवीस फूट चढून मधल्या सपाटीवर गेलात तर थंडीही कमी, दवही कमी.)

चटईची उष्णता अडवण्याची ताकद ‘आर-मूल्य’ या आकड्यात मोजतात. आपल्याकडच्या हिवाळी रात्रीला हा आकडा २ च्या आसपास असावा. योगासनांची ६ मिलिमीटरची चटई १ च्याही खाली राहते. बंद छिद्रांच्या फोमची १० मिलिमीटर जाडीची चटई १ ते दीडच्या दरम्यान येते, आणि पंख्यासारखी घडी होणारी २ सेंटिमीटरची फोम चटई २ ला पोहोचते. या आकड्यांची सरळ बेरीज होते, हे फार कमी जणांना ठाऊक आहे. म्हणजे १० मिलिमीटरच्या दोन चटया एकावर एक टाकल्या की हिवाळ्याचे काम भागले, आणि त्यात फुटण्यासारखे काही नाही. चांदीचा मुलामा दिलेली पातळ चटई पुष्कळ खपते. तो मुलामा अंगातली ऊब परत पाठवतो खरा, पण समोर थोडी मोकळी हवा असेल तरच. जमिनीला चिकटून पडलेल्या मुलाम्याचा उपयोग जवळपास शून्य.

जे कुशीवर झोपतात त्यांना फक्त ऊब पुरत नाही. खांदा आणि कंबर खाली टेकतात, म्हणून त्यांनी किमान ५ सेंटिमीटर जाडीची, आत फोम असलेली, आपोआप फुगणारी गादी घ्यावी. ती पिशवीतून काढल्याबरोबर तोंडाने फुंकू नये. झडप उघडून १५-२० मिनिटे पसरून ठेवावी, आतला फोम स्वतः हवा ओढतो, मग वरून चार-पाच फुंका पुरेत. रुंदी पाहूनच घ्यावी: ५१ सेंटिमीटरवर सडपातळ माणूस पाठीवर नीट झोपतो, बाकीच्यांचे हात खाली पडतात, त्यांच्यासाठी ६० च्या वर. तोंडाने फुंकलेली वाफ आत राहून बुरशी धरते, तेव्हा घरी आल्यावर झडप उघडी ठेवून गादी आडवीच ठेवून द्यावी. गुंडाळून माळ्यावर टाकली की वर्षभरात फोम दबतो तो दबतोच.

मखमली पृष्ठभागाची, पंपाने फुगवायची दोघांची मोठी हवेची गादी दिसायला राजेशाही असते, आणि सगळ्यात जास्त निराशा तीच करते. तिच्यात नुसती हवा आहे, ती अडवायला आत काही नाही. वरची उबदार हवा आणि खालची गार हवा रात्रभर फिरत राहते. अशी गादी आधीच घेतली असेल तर टाकून देऊ नका. तिच्यावर फोमची चटई किंवा घडी घातलेली घोंगडी पसरा, खाली नव्हे, वर. रात्री दोनच्या सुमारास ती मऊ पडते म्हणून लोक भोक शोधत बसतात. बहुधा भोक नसतेच: संध्याकाळच्या २५ अंशांत भरलेली हवा १३ अंशांना आकसते. झोपण्यापूर्वी, हवा गार झाल्यावर, पुन्हा थोडी भरून घ्यावी. खरोखर गळत असेल तर साबणाचे पाणी लावून बुडबुडा शोधावा, जागा स्पिरिटने पुसावी, ठिगळ चिकटवून निदान चार तास वजनाखाली ठेवावे. ओल्या पृष्ठभागावर चिकटवलेले ठिगळ सकाळपर्यंतही टिकत नाही.

गुडघेदुखीच्या माणसांसाठी घडीची खाट चांगली, कारण जमिनीवरून उठणेच त्यांना जड जाते. पण खाटेखालून वारा वाहतो, म्हणून तिच्यावरही चटई हवीच. नुसत्या कापडी खाटेवर हिवाळ्यात जमिनीपेक्षा जास्त थंडी वाजते. खाटेचे पाय तंबूच्या तळाला भोक पाडतात. प्रत्येक पायाखाली चार इंची प्लायवूडचा तुकडा ठेवला की प्रश्न मिटतो.

आणि आपली वाकळ? गाडी तंबूजवळ जात असेल तर खुशाल न्या. घरच्या जाड वाकळीसारखे पांघरूण विकत मिळत नाही. तिचा एकच दोष: सुती असल्यामुळे ती दव पिते, जड होते आणि मग वाळत नाही. धनगरी घोंगडी त्या बाबतीत सरस, ओलसर झाली तरी थोडी ऊब धरते. पाठीवर ओझे नेऊन चालत जायचे असेल तर मात्र दोन्ही घरी ठेवाव्यात.

झोपण्याची पिशवी, म्हणजे स्लीपिंग बॅग, घेताना पिशवीवर छापलेला सगळ्यात मोठा आकडा वाचून फसू नये. आयएसओ २३५३७ या मानकाप्रमाणे तीन तापमाने दिलेली असतात. ‘कम्फर्ट’ म्हणजे साधारण बाईला सैल अंगाने झोप लागेल ते तापमान, ‘लिमिट’ म्हणजे साधारण पुरुष अंग आखडून रात्र काढेल ते, आणि ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे जीव वाचेल एवढेच. दुकानातल्या कित्येक पिशव्यांवर तिसराच आकडा ठळक छापलेला असतो. ‘उणे ५’ वाचून घेतलेली पिशवी १२ अंशांना गार लागते ती यामुळे. आपल्या भागासाठी कम्फर्ट १० अंशांची, फायबर भरलेली, चौकोनी पिशवी पुरते. चौकोनी अशासाठी की ऑक्टोबर-नोव्हेंबरात ती पूर्ण उघडून गोधडीसारखी पांघरता येते. पिसांची पिशवी हलकी आणि महाग असते, पण कणकुंबी-आमगाव हा सगळा दमट पट्टा. पिसे ओलावली की गोळा होऊन बसतात आणि पिशवीची ऊब जाते. इकडे ती घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आत एक सुती खोळ घातली तर पिशवी वारंवार धुवावी लागत नाही, आणि धुण्यानेच तिचे आयुष्य कमी होते.

आता तंबू. ‘चारजणांचा तंबू’ म्हणजे चार माणसे खांद्याला खांदा लावून, सामान बाहेर ठेवून झोपू शकतील असा. कंपन्या माणशी जेमतेम ६० सेंटिमीटर रुंदी धरतात. दोन मोठी माणसे आणि एक लहान मूल यांना चारजणांचा, चौघांना सहाजणांचा तंबू घ्यावा. तळाची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये विचारावी आणि घरातल्या फरशीवर खडूने आखून त्यात सगळ्यांनी एकदा आडवे व्हावे. सहा फुटी माणसाला २०० सेंटिमीटर लांबी कमी पडते, कारण डोके आणि पाय तिरक्या भिंतींना टेकतात आणि तिथे दव झिरपते. २१० ते २२० हवी.

‘वॉटरप्रूफ’ या शब्दाला आकड्याशिवाय काही अर्थ नाही. कापडावर पाण्याचा किती उंचीचा स्तंभ उभा राहिला म्हणजे ते गळू लागते, हे मिलिमीटरमध्ये मोजतात. वरच्या आच्छादनाला किमान १५०० आणि तळाला ३००० असावे. तळाला दुप्पट अशासाठी की त्यावर आपण गुडघे टेकतो, बसतो; थोड्या जागेवर सगळा भार आला की ओल्या जमिनीतले पाणी कापडातून वर ढकलले जाते. स्वस्त तंबूंत हा आकडा ८००-१००० असतो किंवा छापलेलाच नसतो. शहरातल्या दुकानदारांना आमची विनंती आहे: तंबूच्या पाटीवर किंमत लिहिता, तसे हे दोन आकडे, तळाची मापे आणि काठ्या कशाच्या आहेत एवढे लिहा. गिऱ्हाइकांनीही ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आकडा सांगता येत नसेल तर तो माल परड्यातल्या खेळासाठी ठीक आहे.

कापड चांगले असूनही शिवणीतून गळते, हा दुसरा प्रकार. शिवणीवर आतून पारदर्शक पट्टी चिकटवलेली आहे का, ते बोट फिरवून पाहावे. नसेल तर शिवणीवर लावायचा सीलर मिळतो. तो बाहेरून पातळ लावून दिवसभर वाळू द्यावा. नवा तंबू थेट रानात नेऊ नये. अंगणात किंवा गच्चीवर उभा करून पंधरा मिनिटे पाइपने पाणी मारावे. शिवणी, चेनची वरची टोके आणि खिडकीचे कोपरे, पहिला थेंब याच ठिकाणी दिसतो.

डिसेंबरात पाऊस नसताना सकाळी तंबू आतून ओला सापडतो, तेव्हा लोक तंबूला शिव्या देतात. तो पाऊस नव्हे, दवही नव्हे. रात्रभर श्वासातून आणि अंगातून निघालेली वाफ गार कापडावर निवून पाणी झालेली असते. चार माणसांचे मिळून ते सहज लिटरभर होते. एकेरी कापडाच्या तंबूत हे टळतच नाही. म्हणून आत जाळीचा तंबू आणि वर सुटे आच्छादन असा दुहेरी तंबूच घ्यावा. त्यात दोन थरांमध्ये चार बोटांचे अंतर राहिले पाहिजे. आच्छादन सैल पडून आतल्या जाळीला चिकटले की दुहेरीचा फायदा संपला. वरची झरोक्याची झापड थंडी वाजते म्हणून बंद करू नये. ती बंद केली तर ऊब फारशी वाढत नाही, पाणी मात्र दुप्पट साचते. ओले कपडे आणि बूट आत घेऊन झोपणे हेही त्याचेच एक कारण.

फेकला की उघडणारे तंबू मुलांना फार आवडतात. एका मिनिटात उभे राहतात, घडी घालायला अर्धा तास लागतो. खरी अडचण वाऱ्याची आहे: त्यांच्या तारेला जोर नसतो, आणि सौंदत्ती-यरगट्टीच्या उघड्या माळावर ते एका झोतात आडवे होतात. काठ्यांत फायबरग्लास स्वस्त पण जड, उभा चिरतो आणि त्याच्या कुसळी हातात घुसतात. अॅल्युमिनियमची काठी वाकते, पण सहसा तुटत नाही. फायबरच्या काठ्या असतील तर सोबत चार-पाच इंचांची धातूची नळी आणि कापडी चिकटपट्टी ठेवावी. चिरलेल्या जागेवर नळी सरकवून दोन्ही टोकांना पट्टी गुंडाळली की रात्र निभावते.

तंबूबरोबर मिळणाऱ्या बारीक मेखांबद्दल मात्र थोडे जास्त लिहावे लागेल, कारण आपल्या भागात माती दोन टोकांची आहे. खानापूर, जांबोटी, चंदगडकडे जांभा. वर दोन इंच तांबडी माती, खाली चिरा. तिथे प्लास्टिकची मेख फुटते आणि पातळ तारेची वाकते. उद्यमबागेत किंवा गावातल्या कुठल्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात ८ मिलिमीटर सळईचे नऊ-दहा इंची तुकडे कापून, एक टोक घासून आणि दुसरे आकड्यासारखे वाकवून मिळते. बारा-चौदा करून घ्याव्यात, त्या जन्मभर पुरतात. ठोकायला दगड शोधत बसण्यापेक्षा एक किलोची हातोडी गाडीत असू द्यावी. उलट बैलहोंगल, सौंदत्ती, रामदुर्गकडे काळी माती. कोरडी असताना मेख घट्ट बसते, सर पडली की लोण्यातून निघावी तशी निघते. तिथे लांब आणि रुंद पात्याची मेख हवी, किंवा मातीची पिशवी भरून दोर तिला बांधून अर्धा-पाऊण फूट खोल पुरावी. खडकावर मेख जातच नसेल, तर मोठ्या धोंड्याला दोर बांधून त्याच्यावर दुसरा धोंडा ठेवावा.

मेख ठोकताना तिचे डोके तंबूपासून बाहेर कललेले हवे आणि दोर जमिनीशी साधारण ४५ अंशांत. तंबूच्या बाजूंचे चारही दोर पिशवीतच राहतात, हे नेहमीचे. ‘वारा नाही’ म्हणून कोणी ते लावत नाही. वाऱ्यापेक्षाही, आच्छादन ताणून जाळीपासून दूर ठेवणे हे त्या दोरांचे रोजचे काम आहे. हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा पूर्वेकडून येतो, तेव्हा दार त्या बाजूला नको, तंबूची बुटकी बाजू तिकडे करावी. दोरांना पांढरी चिंधी बांधा, नाहीतर रात्री कोणीतरी अडखळून पडणारच.

तंबूखाली प्लास्टिक अंथरतात ते बरोबर, पण ते तंबूच्या तळापेक्षा सगळ्या बाजूंनी दोन-तीन इंच आत असावे. बाहेर आलेल्या कडेवर आच्छादनावरून ओघळलेले पाणी पडते आणि थेट तळाखाली जाऊन साचते. तंबूत पाणी शिरल्याच्या अर्ध्या तक्रारींचे मूळ इथे आहे. तंबूभोवती चर खणण्याची जुनी सवय सोडावी. थोडी उंच जागा निवडली तर त्याची गरज पडत नाही, आणि खणलेला उतार पुढच्या पावसात वाहून जातो.

खरे तर पैसे कमी असतील तर महाग तंबूऐवजी मध्यम तंबू आणि १२ बाय १५ फुटांची एक चांगली ताडपत्री घ्यावी. किनारीला पितळी किंवा अॅल्युमिनियमची कडी असलेली, निदान १५० जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाची). दोन झाडांच्या मध्ये दोर ताणून ती तंबूवर आणि त्याच्या पुढे छपरासारखी टाकली की दव अडते, पावसाची सर अडते, स्वयंपाकाला पडवी मिळते, आणि सकाळचे ऊनही उशिरा येते. एक बाजू फूटभर खाली ठेवावी म्हणजे पाणी मध्ये साचून ताडपत्रीला पोट येणार नाही. वाळलेल्या फांद्यांचे झाड मात्र वरून पाहूनच निवडा.

खुर्चीला लोक चैन समजतात. आपल्या पश्चिम भागात ती आरोग्याची वस्तू आहे. १९५७ साली शिवमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात ओळखला गेलेला माकडताप गेल्या दशकात गोव्याच्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात पोहोचला आहे, म्हणजे चोर्ल्याच्या आणि तिलारीच्या पलीकडच्या अंगाला. तो गोचिडीच्या पिल्लांमुळे पसरतो. ती तिळाहून लहान असतात, वाळलेल्या पाचोळ्यात असतात आणि जानेवारी ते मे हा त्यांचा काळ. पाचोळ्यावर बसणे, झोपणे, त्यातून लाकडे गोळा करणे, हेच धोक्याचे. त्यामुळे उंच बैठकीची, ४०-४५ सेंटिमीटरची खुर्ची घ्यावी. बुटकी खुर्ची हलकी असते, पण वयस्कर माणसाला तिच्यातून उठता येत नाही. किती किलो पेलते ते शिवणीवरच्या चिठ्ठीत पाहावे आणि मऊ मातीत पाय रुतू नयेत म्हणून पायांना रुंद टोप्या असलेली निवडावी. पूर्ण पायांची पँट, ती मोज्यात खोचलेली, आणि उघड्या त्वचेवर डीईईटी या कीटक पळवणाऱ्या औषधाचे मलम. ते काही तासांनी पुन्हा लावावे लागते. झोपण्यापूर्वी काखा, कमरपट्ट्याची जागा, कानामागे तपासून घ्यावे. गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी. तेल, रॉकेल, जळती काडी यांपैकी काही लावू नये. माकड मेलेले दिसले तर तिथे मुक्काम करायचाच नाही, वनखात्याला कळवायचे. परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना रानात राहिल्याचे आपणहून सांगावे.

चुलीचे सामान. २२०-२३० ग्रॅमचा ब्युटेनचा डबा आणि त्यावरची चूल हे चौघांना एका रात्रीला पुरते. आडोशाला एक लिटर पाणी उकळायला १०-१५ ग्रॅम गॅस लागतो, वाऱ्यात त्याच्या दुप्पट. संध्याकाळचा चहा, कुकरमध्ये खिचडी, सकाळी पुन्हा चहा आणि पोहे, एवढे एका डब्यात बसते. तरी दुसरा जवळ असावा. तीन लिटरचा कुकर ओझे वाटतो, पण गॅस तोच वाचवतो. डब्यावर थेट बसणाऱ्या चुलीला चारही बाजूंनी पत्र्याचा आडोसा करू नये, उष्णता डब्यावर परतून तो फुटू शकतो. एकाच बाजूने, वाऱ्याकडून आडोसा पुरे. आणि एक गोष्ट ठळक छापावी अशी: रिकाम्या ब्युटेनच्या डब्यात घरगुती सिलिंडरमधला गॅस भरून देणारे भेटतात. भरून घेऊ नका. ३० अंशांना ब्युटेनचा दाब साधारण २.८ बार, प्रोपेनचा १० बारच्या वर. घरगुती गॅसमध्ये दोन्ही मिसळलेले असतात आणि तो पातळ डबा एवढ्या दाबासाठी बनवलेला नाही. लोंढ्याला किंवा कॅसलरॉकला रेल्वेने जाणाऱ्यांना गॅसचा डबा नेताच येत नाही, गाडीत ज्वलनशील वस्तूंना बंदी आहे.

तंबूत स्वयंपाक नाही, आणि ऊब म्हणून कोळशाची शेगडी आत घेणे तर मुळीच नाही. विझत आलेल्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला वास नसतो, झोपेत कळतही नाही. थंडी वाजत असेल तर गरम पाण्याची घट्ट बुचाची स्टीलची बाटली मोज्यात घालून पायाशी ठेवावी, तीन-चार तास ऊब देते.

खाण्याचे डबे तंबूत ठेवू नयेत. खानापूरच्या रानात अस्वले आणि गवे आहेत, तिलारी खोऱ्यात २००२ पासून हत्तींचा वावर आहे. गूळ, केळी यांचा वास त्यांना लांबून येतो. मुंग्यांना तर कुंद्याचा डबा दोन तासांत सापडतो. सगळे गाडीच्या डिकीत. पाणी पिण्या-स्वयंपाकाला माणशी दिवसाला चार-पाच लिटर धरावे. ओढ्याचे पाणी घ्यायची वेळ आली तर कापडातून गाळून खळखळून निदान एक मिनिट उकळावे. ०.१ मायक्रॉनचा नळीचा फिल्टर जिवाणू अडवतो, विषाणू अडवत नाही. राकसकोपसारख्या जलाशयाचे पाणी शहर पिते. तिथे भांडी घासू नयेत हे सांगावे लागू नये.

उजेडासाठी प्रत्येकाला डोक्यावरचा एकेक दिवा, २०० ल्यूमेनचा. मोठा कंदील एकच, पिवळ्या उजेडाचा, आणि तो तंबूच्या दारापासून लांब टांगलेला. पांढऱ्या उजेडावर किडे येतात, किड्यांमागे बेडूक आणि बेडकांमागे साप. पॉवर बँकेवर १०,००० लिहिलेले असले तरी फोनला मिळतात साधारण सहा हजार. म्हणजे आजकालचा ५,००० चा फोन एकदा भरून थोडे उरते. चोर्ला घाटात नेटवर्क शोधत फोन लवकर उतरतो, तेव्हा तो विमान मोडवर टाकावा.

जागेबद्दल थोडक्यात. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झाले, त्याला लागून गोव्याचे म्हादई अभयारण्य, आणि तिलारी हे २०२० पासून संवर्धन राखीव क्षेत्र. तीन राज्यांची हद्द तासाभराच्या अंतरात येते आणि प्रत्येकाचे वनखाते वेगळे. अभयारण्यात परवानगीशिवाय मुक्काम आणि आग पेटवणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. ओळखीच्या शेतात, मालकाला विचारून, घराच्या हाकेच्या अंतरावर तंबू लावणे हे पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळ्यात चांगले.

भाड्याने तंबू देणाऱ्यांकडे जाताना फोनवर तीनच प्रश्न विचारा: खाली चटई किती जाडीची देता, एका तंबूत किती माणसे झोपवता, पांघरुणे किती दिवसांनी धुता. तंबूचा फोटो सगळेच पाठवतात. शाळांच्या सहली नेणाऱ्या संस्थांना पालकांनीही हेच विचारावे. मुलांना प्लास्टिकवर सतरंजी टाकून झोपवणे डिसेंबरात बरोबर नाही.

घरी आल्यावर तंबू त्याच दिवशी उघडून सावलीत पूर्ण वाळवावा. उन्हात फार वेळ ठेवला की कापड विरते. ओला गुंडाळलेला तंबू आपल्या पावसाळी हवेत महिन्याभरात बुरशी धरतो. आतला पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा थर चिकट होतो, आंबूस वास येऊ लागतो आणि मग तो थर सोलून निघतो, त्याला दुरुस्ती नाही. माती ओल्या फडक्याने पुसावी, साबण-पावडर आणि धुलाई यंत्र नको. चेनमधली धूळ जुन्या दातांच्या ब्रशने काढून मेण फिरवावे. तंबू कंपनीच्या घट्ट पिशवीत कोंबण्याऐवजी जुन्या उशीच्या अभ्र्यात सैल भरावा आणि मेखा वेगळ्या पिशवीत, कारण त्यांचीच टोके तळाला भोके पाडतात.

आपले,
रानवाटांवर मुक्काम करणारे काही वाचक,
टिळकवाडी-शहापूर, बेळगाव